स्टेपनी : तिचें कूळ, तिचें काम व तिची मर्यादा

पुणें शहरांत 'स्टेपनी' हा शब्द ज्यानें ऐकला नाहीं असा मनुष्य विरळा. रिक्षावाला, टेम्पोवाला, एस. टी. चा चालक, पंक्चर काढणारा कारागीर व स्वतःची मोटार बाळगणारा गृहस्थ हे सर्व जादा चाकास याच नांवानें ओळखतात. शब्द इतका आपला झाला आहे कीं तो परका असल्याची शंकाही कोणास येत नाहीं. परंतु ज्या वस्तूचें नांव आपण रोज घेतों तिचें काम काय, आणि त्या कामाची सीमा कोठें संपते, असें विचारल्यास उत्तर देणारे थोडेच निघतील. अलीकडे मोटारींच्या डिकींत इतर चार चाकांहून लहान असें पांचवें चाक येऊं लागल्यापासून तर हें अज्ञान धोक्याचें झालें आहे. यास्तव त्या चाकाची हकीकत, त्याची रचना व त्याच्या उपयोगाची सुरक्षित रीत या लेखांत आम्ही क्रमानें सांगणार आहों.

मोटारींच्या आरंभकाळीं चाक गाडीपासून सहज सुटें होत नसे. वाटेंत टायर फुटला म्हणजे चालकानें तेथेंच रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवावा, आंतील रबरी नळी काढून तिला ठिगळ लावावें, टायर पुन्हां चढवावा व हातपंपानें हवा भरावी, असा क्रम होता. पाऊस असो वा रात्र असो, यांतून सुटका नसे. ही अडचण ओळखून वेल्समधील लानेली या गांवच्या टॉमस मॉरिस डेव्हिस व वॉल्टर डेव्हिस या बंधूंनीं १९०४ सालीं एक युक्ति काढली. त्यांनीं आरे नसलेलें एक लोखंडी कडें तयार केलें, त्यावर हवा भरलेला टायर आधींच चढवून ठेवला, आणि तें कडें फुटलेल्या चाकाच्या कडेस चापांनीं घट्ट आवळतां येईल अशी योजना केली. मूळ चाक काढण्याची गरजच उरली नाहीं. लानेलींतील स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर त्यांचें ठिकाण होतें. त्या रस्त्याचें नांव चाकास मिळालें, आणि चाकाबरोबर तें जगभर फिरलें. खुद्द इंग्लंडांत तो शब्द आज बहुतेक विसरला गेला आहे. परंतु भारतांत व माल्टा बेटांत तो अजून चालतो, आणि ब्राझील देशांत त्याचेंच 'एस्तेपी' असें रूप झालें आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. डेव्हिस बंधूंचें कडें मूळ चाकाची जागा घेण्यासाठीं नव्हतेंच. तें जखमी चाकाच्या बाजूस उभें राहून त्याचा भार तेवढ्यापुरता आपल्या अंगावर घेई, आणि गाडी दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत पोंचवी. पुढें नट सोडून संपूर्ण चाक काढतां येईल अशी रचना सर्वत्र झाली, व गाडीबरोबर चार चाकांसारखेंच पांचवें चाक येऊं लागलें. हें पांचवें चाक इतर चौघांचें सख्खें भावंड असे. तें लावून कितीही दूर जावें, हवें तर महिनोन् महिने तसेंच वापरावें, त्यास कांहीं बाध नसे. आपल्या वडील मंडळींची संवय या काळांतली आहे. नांव स्टेपनीचेंच राहिलें, परंतु तिच्याविषयींची समजूत बदलली. आणि आजच्या घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें चाक पुन्हां लहान होऊं लागलें, आणि लोकांच्या मनांत मात्र तें पूर्वींचें सख्खें भावंडच राहिलें.

चाक लहान कां झालें, याचीं कारणें उघड आहेत. पूर्ण मापाचें चाक डिकींतील पुष्कळ जागा खातें, गाडीचें वजन वाढवितें, आणि वजनाबरोबर इंधनाचा खर्चही वाढवितें. शिवाय तें महाग असतें. आणि उत्तम रस्ते व मजबूत टायर यांमुळें तें वर्षानुवर्षें न वापरतां पडून राहण्याचा संभव असतो. डिकींत गॅसची टाकी किंवा गाडीखालीं विजेच्या घटांची पेटी आली कीं जागेची ओढाताण अधिकच होते. याच विचारसरणीनें जुलै २०२० मध्यें केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या व साडेतीन टनांपर्यंत वजनाच्या मोटारीस जर टायरमधील हवेचा दाब कळविणारी यंत्रणा व पंक्चर बुजविण्याचें साहित्य दिलेलें असेल, तर जादा चाक नसलें तरी चालेल, असें त्या दुरुस्तीनें ठरलें. सारांश, आपल्या गाडींत पूर्ण चाक आहे, लहान चाक आहे, कीं चाक मुळींच नाहीं, हें प्रत्येक कुटुंबानें स्वतः डिकी उघडून पाहिलें पाहिजे. शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचें अनुमान करूं नये.

लहान चाकाचेही दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारांत टायर साधाच असतो, परंतु माप इतर चौघांहून कमी असतें. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत असेंच चाक मिळतें. दुसरा प्रकार खास तात्पुरत्या कामासाठींच बनविलेला असतो. त्याच्या मापाच्या आरंभीं इंग्रजी 'टी' हें अक्षर छापलेलें असतें. याची रुंदी कित्येकदां १२५ मिलिमीटरच असते. साध्या टायरची १८५ वा १९५ मिलिमीटर असते. यावरील नक्षी उथळ असते, आणि यांत हवा मात्र फार कडक भरावी लागते. नित्याच्या टायरांत दर चौरस इंचास ३० ते ३५ पौंड दाब पुरतो. या चाकास बहुधा ६० पौंड लागतो. दोन्हीं प्रकारांच्या चाकांवर ठळक रंगाची चिठ्ठी असते, व तिच्यावर बहुतेक ताशीं ८० किलोमीटर ही वेगाची मर्यादा लिहिलेली असते. ही चिठ्ठी म्हणजे जाहिरात नव्हे. ती निर्मात्याची आज्ञा आहे, आणि आमच्या या लेखाहून व पंक्चरवाल्याच्या सल्ल्याहून तिचा अधिकार मोठा आहे.

आतां या मर्यादेमागील कारणें पाहूं. जो नियम कारणासह समजतो तोच पाळला जातो, असा शाळेंतला अनुभव आहे.

पहिलें कारण चाकाच्या परिघांत आहे. समजा, गाडीच्या चाकाचा व्यास ६२ सेंटिमीटर आहे आणि लहान चाकाचा ५८. मोठ्या चाकाचा परिघ सुमारें १९५ सेंटिमीटर, तर लहानाचा १८२ सेंटिमीटर भरेल. एक किलोमीटर जाण्यास मोठें चाक सुमारें ५१३ फेरे घेईल, आणि लहान चाकास ५४८ घ्यावे लागतील. म्हणजे दर किलोमीटरास ३५ फेरे जास्त. नाताळच्या सुटींत पुण्याहून अहिल्यानगरास (पूर्वींचें अहमदनगर) कोणी या चाकावर निघाला, तर सुमारें १२० किलोमीटरांत तें आपल्या जोडीदाराहून ४,२०० फेरे अधिक फिरेल. मोठी माणसें आणि लहान मूल हातांत हात धरून चालूं लागलीं, म्हणजे मुलास जसें अखंड धांवावें लागतें तशी त्याची स्थिति होते.

या धांवपळीचा त्रास एकट्या चाकासच होतो असें नाहीं. मोटार वळतांना बाहेरच्या चाकास अधिक व आंतल्या चाकास कमी अंतर कापावें लागतें. दोघांस वेगवेगळ्या गतीनें फिरतां यावें म्हणून इंजिनाची शक्ति पोंचविणाऱ्या चाकांच्या मध्यें दांतेरी चक्रांची एक पेटी असते, तिला डिफरेन्शिअल म्हणतात. सरळ रस्त्यावर हीं आंतलीं लहान चक्रें जवळजवळ विश्रांति घेतात. परंतु शक्तीच्या दोन चाकांपैकीं एक लहान असलें, तर सरळ रस्त्यावरही त्यांस क्षणभर स्वस्थता मिळत नाहीं. तीं तापतात व झिजतात. म्हणून लहान चाक शक्तीच्या आंसावर न बसविणें बरें. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत शक्ति पुढच्या चाकांस मिळते. सुकाणूचें व अधिक ब्रेकाचें कामही पुढचीं चाकेंच करतात. यासाठीं पुढचें चाक पंक्चर झाल्यास, जागा सुरक्षित व वेळ हाताशीं असेल तर, मागचें चांगलें चाक काढून पुढें लावावें, व लहान चाक मागें बसवावें. चारही चाकांस शक्ति मिळणाऱ्या गाडीचे नियम निराळे असतात. तेथें गाडीबरोबर मिळालेली पुस्तिकाच प्रमाण मानावी.

दुसरें कारण जमिनीवरील पकडीचें. एका चाकावर ३०० किलो, म्हणजे सुमारें ६६० पौंड भार आहे असें धरा. टायरांत दर चौरस इंचास ३३ पौंड दाब असेल, तर तो भार पेलण्यास स्थूलमानानें २० चौरस इंच रबर जमिनीस टेकेल. ६० पौंड दाबाच्या लहान चाकाचें मात्र ११ चौरस इंचच टेकेल. तीन चाकें तळहात टेकून आणि चौथें नुसतीं बोटें टेकून उभें आहे, असा हा प्रकार झाला. जोराचा ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढली जाते, थांबण्यास अधिक अंतर लागतें, आणि नक्षी उथळ असल्यामुळें आषाढांतल्या ओल्या रस्त्यावर तर पकड आणखीच कमी होते.

तिसरें कारण वेगाचें. धांवत्या गाडींत सांठलेली शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं १०० किलोमीटरला ती शंभर मानली, तर ८० किलोमीटरला चौसष्ट व ५० किलोमीटरला अवघी पंचवीस राहते. म्हणून ८० हा आंकडा गांठण्यासाठीं नव्हे, न ओलांडण्यासाठीं आहे. मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीस १०० ची मुभा असली, तरी या चाकाच्या गाडीनें ती आपल्यासाठीं नाहीं असें समजून डावीकडून सावकाश चालावें. कात्रज, खंबाटकी, दिवे अथवा खंडाळा यांपैकीं कोणत्याही घाटांत उतरतांना वेग त्याहूनही पुष्कळ कमी असावा. शहरांत गतिरोधक व खड्डे जपून ओलांडावे. कारण वरील मापाच्या चाकामुळें गाडीचा तो कोपरा दोन सेंटिमीटरांनीं खालीं आलेला असतो.

चाकाचा स्वभाव कळला. आतां तें बदलण्याची रीत. मनुष्यहानीचा धोका सर्वांत मोठा येथेंच आहे, कारण मागून येणाऱ्या वाहनाच्या चालकास रस्त्याच्या कडेला वाकलेला माणूस वेळेवर दिसेलच असें नाहीं. टायर गेल्याचें कळतांच एकाएकीं ब्रेक न दाबतां वेग उतरवावा, व गाडी रहदारीपासून शक्य तितकी दूर, सपाट व कठीण जमिनीवर न्यावी. थोडें पुढें गेल्यानें टायर व रिम खराब झालीं तरी हरकत नाहीं. रिम विकत मिळते. चारही दिवे लुकलुकते ठेवावे. मुलें व वृद्ध यांस गाडींतून डाव्या बाजूनें उतरवून, कठडा असल्यास कठड्याच्या पलीकडे उभें करावें. तांबडा त्रिकोण मागें सुमारें ५० मीटरांवर, मोठ्या मार्गावर त्याहूनही दूर ठेवावा. जागा अरुंद असली, वळण असलें, अथवा पंक्चर झालेलें चाक रहदारीच्या बाजूचें असलें, तर चाक बदलण्याचें धाडस न करतां मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ व संकटकाळीं कोठूनही ११२ हे क्रमांक त्यासाठींच आहेत.

जागा सुरक्षित असल्यास हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्यें ठेवावी, आणि जें चाक उचलावयाचें त्याच्या तिरप्या समोरच्या चाकास दोन्हीं बाजूंनीं दगड लावावे. नट चाक जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. गाडी उचलल्यावर पान्यास जोर दिला तर ती जॅकवरून घसरते. जॅक पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच लावावा. माती मऊ असेल तर खालीं फळी घालावी. काढलेलें चाक गाडीखालीं आडवें सरकवून ठेवावें, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी त्यावर टेकेल. गाडीखालीं हात, पाय वा डोकें कधींही घालूं नये. नवें चाक चढविल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळावे, गाडी खालीं उतरवावी, व मग पुन्हां पूर्ण आवळावे. थोडें अंतर गेल्यावर सुरक्षित जागीं थांबून ते पुनः तपासावे. आणि एक शेवटचें काम, ज्याची आठवण पुष्कळांस राहत नाहीं: चाकास लावलेले दगड उचलून रस्त्याबाहेर टाकावे. आपली गाडी निघून जाते, पण तो दगड अंधारांत मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची वाट पाहत तेथेंच राहतो. आपली अडचण दुसऱ्याच्या वाटेंत टाकून जाणें हें शेजारधर्मास शोभत नाहीं.

चाक बसलें म्हणजे प्रवास पूर्ववत् सुरू झाला असें मानूं नये. येथून पुढचा प्रवास मुक्कामाकडे नसून दुरुस्तीच्या दुकानाकडे असतो. एका वेळीं असें एकच चाक लावावें, गाडींत भार कमी ठेवावा, आणि तिला मागें कांहीं जोडून ओढूं नये. फलकावर ब्रेकाचा किंवा टायरच्या दाबाचा दिवा लागला तर तो निराळ्या मापाच्या चाकामुळेंही असूं शकेल. मूळ चाक परत बसविल्यावरही न विझल्यास मात्र गाडी तपासून घ्यावी. टायर तळाला खिळ्यानें भोंसकलेला असेल तर तो बहुधा दुरुस्त होतो. परंतु त्याची बाजूची भिंत चिरली असेल तर ठिगळावर विसंबूं नये, नवा टायर घ्यावा. ज्या गाडींत चाकाऐवजीं चिकट द्रव व हवेचें यंत्र दिलेलें असतें, तेथेंही हाच न्याय. तो द्रव तळाचें लहान छिद्रच बुजवितो, चिरलेली भिंत नव्हे. आणि तो उपायही तात्पुरताच असून त्याच्या वेगासही मर्यादा असते.

या चाकाची खरी परीक्षा मात्र वाटेंत होत नसून घरीं होते. डिकीच्या तळाशीं, चटईखालीं अंधारांत पडलेल्या चाकांतून हवा हळूहळू उतरत असते. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मनुष्य चार टायर पाहतो. पांचवा त्यास आपण दाखविला तरच दिसतो. ज्याला ६० पौंड दाब हवा त्यांत २० उरले असतील, तर ऐन वेळीं त्याचा आधार फसवा ठरतो. तसेंच न वापरलेलें रबरही जुनें होतें. टायरच्या बाजूस चार आंकडे असतात. त्यांतील पहिले दोन वर्षाचा आठवडा व पुढले दोन वर्ष दाखवितात. '२३१९' असे आंकडे असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. दहा वर्षें उलटलेला टायर, तो नवा कोरा दिसत असला तरी, बदलावा.

विद्यार्थिमित्रांनो, अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मोटार चालविण्याचा परवाना तुम्हांस मिळणार नाहीं हें खरें; परंतु वाचण्यास व विचारण्यास परवाना लागत नाहीं. ज्या मोटारींतून तुमचे आईवडील, धाकटीं भावंडें व आजीआजोबा प्रवास करतात, तिच्या डिकींतील चिठ्ठी या सुटींत वडील मंडळींसमवेत वाचा. चाकाचें माप इतर चाकांशीं ताडून पाहा. त्यांतील हवा कधीं तपासली होती तें विचारा. जॅक, पाना व त्रिकोण जागेवर आहेत कीं नाहींत तें पाहा. वेगाची मर्यादा एका कागदावर लिहून तो चालकाच्या समोर दिसेल असा ठेवा. वेळ आल्यास "बाबा, आतां ऐंशींच्या आंत" असें आदबीनें म्हणण्याचें धैर्य ठेवा. घरांतील लहानाच्या तोंडचा असा शब्द मोठीं माणसें सहसा मोडीत नाहींत.

लहान चाक वाईट नाहीं. आपलें ठरलेलें काम तें इमानानें करतें, आणि निर्जन रस्त्यावर रात्रीं अडकलेल्या कुटुंबास घरीं पोंचवितें. दोष उत्पन्न होतो तो आपण त्याच्याकडून त्याच्या शक्तीपलीकडची चाकरी मागतों तेव्हां. एकदां गाडी चालूं लागली कीं "उद्यां पाहूं" असें म्हणण्याचा मोह होतो. उद्यांचा आठवडा होतो, आठवड्याचा महिना होतो, आणि पाहुण्यास घरगडी करून आपण निश्चिंत बसतों. डेव्हिस बंधूंनीं आपलें कडें वाटसरूस पुढच्या गांवापर्यंत नेण्यासाठीं बनविलें होतें. आजच्या लहान चाकाचें कामही तितकेंच आहे. तें करून झालें म्हणजे त्याच दिवशीं त्यास त्याच्या जागीं परत ठेवावें, आणि ठेवण्यापूर्वीं त्यांतील हवा पाहावी.